एका पायाचा आधार

(गेल्या वर्षीच्या उत्सवात पाचव्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीआधी झालेलं भाषण. बोलताना करून दाखवलेल्या गोष्टी कागदावर येत नाहीत, म्हणून तिथे चार शब्द जादा घातले आहेत.)



आधीच सांगतो, मी वक्ता नाही. वडील प्लँटच्या रेल मिलमध्ये होते. त्यांनी रूळ बनवले आणि मी सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, ते रूळ सांभाळायला. माझं बोलणं बहुतेक वॉकी-टॉकीवर चालतं, तेही गाडी निघाली की नाही एवढ्यापुरतं. कार्यकारिणीने "फोटोग्राफीवर काहीतरी बोल" म्हणून गळ घातली तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. पण दरवर्षी आरतीला आपल्यातले निदान पन्नास जण हात वर करून फोटो काढतात आणि रात्री ग्रुपवर त्यातले निम्मे हललेले येतात. त्यावर एका काठीचा उपाय आहे. आज फक्त त्या काठीबद्दल बोलतो.

ही ती काठी. हिला मोनोपॉड म्हणतात. ट्रायपॉडला तीन पाय, हिला एक. वर कॅमेरा बसवायचा स्क्रू, खाली रबराची टाच, आणि मधे एकात एक शिरणाऱ्या नळ्या. बस. पाहून झालं की पुढच्या रांगेकडे द्या, पण लॉक उघडून बघू नका, बोट चिमटतं.

मी या काठीकडे वळलो ते हौसेने नाही. २०१२ ची गोष्ट आहे. आपल्याकडे आरतीला ढोलकी धरणारे काका होते. नाव घेत नाही, जुन्या मंडळींना चेहरा आठवला असेल. पहिल्या उत्सवापासून ढोलकी त्यांचीच. त्या वर्षी मी नवा कॅमेरा घेतला होता, लांब लेन्स घेतली होती आणि भलत्याच उत्साहात होतो. शेवटच्या दिवशी काका डोळे मिटून वाजवत होते, समोर समई, मागे एक पिवळा बल्ब. मी मागच्या रांगेतून लेन्स लावली आणि आरती संपेपर्यंत कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला नाही. अडतीस फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिले तर अडतीसच्या अडतीस हललेले. एकातही काकांचा डोळा, मिशी, काही सरळ नाही. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी काढू.

काका पौषात गेले.

पुढच्या स्मरणिकेत श्रद्धांजलीचं पान होतं. त्यांचा मुलगा घरी आला आणि म्हणाला, "दादा, तू तर दरवर्षी इतके फोटो काढतोस, ढोलकीसकट एक तरी असेल." मी ते अडतीसच्या अडतीस त्याला दाखवले. तो काही बोलला नाही. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो छापला. ते पान अजून माझ्याकडे आहे. ढोलकी नाही, समई नाही, निवडणूक कचेरीत बसलेला एक दचकलेला माणूस आहे.

मग मी कामाच्या सवयीने बिघाड शोधायला बसलो. कॅमेरा वाईट नव्हता, लेन्सही वाईट नव्हती. शटर उघडं होतं १/२० सेकंद आणि लेन्स होती २०० मिलिमीटरवर. जुन्या फोटोग्राफरांचा हिशोब असा, की हातात कॅमेरा धरून काढायचं तर लेन्स जितक्या मिलिमीटरची तितक्याव्या हिश्श्याचा सेकंद तरी ठेवा. २०० ची लेन्स, तर १/२००. माझ्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला १/३०० म्हणा. मी त्याच्या पंधरापट जास्त वेळ शटर उघडं ठेवत होतो.

हे किती बारीक आहे ते रुळांच्या भाषेत सांगतो, मला तीच येते. समजा तुमचा हात एक दशांश अंश हलला. एक दशांश अंश म्हणजे ५७३ मध्ये १ चा चढ. स्टेशन यार्डात आम्ही ४०० मध्ये १ पेक्षा तीव्र चढ देत नाही, म्हणजे हा त्याहूनही सपाट. तुम्ही त्यावर चाललात तर पायाला कळणारसुद्धा नाही. पण २०० मिलिमीटरच्या लेन्सला तेवढं पुरतं. चित्र सेन्सरवर ०.३५ मिलिमीटर सरकतं. चोवीस मेगापिक्सेलच्या लहान सेन्सरवर ते जवळजवळ नव्वद ठिपके होतात. काकांचा डोळा नव्वद ठिपके लांबला, म्हणजे राहिलं काय?

आणि हात हलतो का? पहिल्या मिनिटाला बेताने. पण माझा कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलोच्या आसपास. दीड किलो तूर डाळ नाकासमोर धरून पाच आरत्या उभे राहून बघा. पहिली आरती होईपर्यंत दंड भरून येतो, तिसरीला कोपर अंग सोडतं. मी पहिले दोन-तीन फोटो काढले तेव्हा काका मान खाली घालून ढोलकी जुळवत होते. त्यांनी डोळे मिटून मान वर केली तेव्हा माझे हात गेलेले होते. बिघाड इथे होता. हात मुळात थरथरे नव्हते, वाट बघून थकले होते.

तुम्ही म्हणाल, मग ट्रायपॉड लाव. ट्रायपॉडसारखा आधार नाही, खरं आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, तेव्हा कॅमेरा एका जागी बसवून दिवसांमागून दिवस थोडं थोडं चित्रण करावं लागलं होतं. तिथे तोच मार्ग. पण वाटाणा पळत नाही आणि त्याच्याभोवती दोनशे माणसं टाळ्या वाजवत उभी नसतात. आपल्या मांडवात ट्रायपॉड लावला तर तीन पायांना तीन पोरं अडखळतील आणि चौथ्याला काकू ओरडतील, ते माझ्यावरच. विसर्जनाच्या मिरवणुकीत तर विचारूच नका. मोनोपॉडला जागा लागते एका पावलाची, आणि मिरवणूक पुढे सरकली की उचलून चालू लागता येतं.

आता एक शंका रास्त आहे. एक पाय उभा राहतो तरी कसा? राहत नाहीच. सोडला की पडतो. आपल्या छत्तीसगडच्या गेडीचं बघा ना. आपली दिव्याची अवस, तीच इथली हरेली. त्या दिवशी गावातली पोरं बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून टकाटक जातात. एका जागी उभं राहायला सांगा, लगेच उतरतील. पण शेताच्या बांधावर गुरं राखणारा राऊत पाहिलात? लाठी पुढे टेकवतो, दोन्ही हात लाठीच्या टोकावर, हातांवर हनुवटी, आणि एक पाय दुसऱ्या पायावर चढवून तासभर उभा. आपल्याकडचा धनगरही तसाच उभा राहतो. त्याचे पाय आणि लाठी मिळून तिपाई होते. मोनोपॉडचं एवढंच गुपित आहे. उरलेले दोन पाय तुमचे स्वतःचे.

आमच्या सर्व्हेत हेच रोज दिसतं. लेव्हलचं यंत्र तिपाईवर घट्ट असतं आणि समोर खलाशी आकड्यांची उंच पट्टी धरून उभा असतो. ती पट्टी एका टोकावर टेकलेली, म्हणजे मोनोपॉडच. खलाशी नवा असला की पट्टी डुलते. पुढे डुलो की मागे, वाचन खरं असतं त्यापेक्षा जास्तच येतं. म्हणून आम्ही त्याला मुद्दाम हळूहळू पुढे-मागे झुलवायला सांगतो आणि सर्वांत कमी आलेलं वाचन घेतो, त्या क्षणी पट्टी उभी असते. मला फोटोचं पहिलं ज्ञान या खलाशाकडून मिळालं. एका पायावरची वस्तू खाली-वर हलत नाही, डुलते. तेव्हा बंदोबस्त डुलण्याचा करायचा.

तो असा करतात. काठीची टाच स्वतःच्या पायांच्या रेषेत न ठेवता हातभर पुढे ठेवा. दोन्ही पाय खांद्याएवढे फाकवा, एक किंचित मागे. आता काठी आपल्याकडे कलती घ्या आणि कॅमेरा भुवईला टेकवा. डावा हात लेन्सखाली किंवा जोडावर, उजवा कॅमेऱ्यावर, दोन्ही कोपरं बरगडीला. आणि वरून हलकेच खाली दाबा, बसमध्ये जागेवर रुमाल ठेवून हात ठेवतो तेवढंच. बघा, समोर काठी, मागे दोन पाय, त्रिकोण झाला. जागा अगदीच नसेल तर टाच आपल्या पावलाच्या आतल्या कडेला लावून काठी मांडीला चिकटवा. खुर्चीवर बसला असाल तर दोन पायांमध्ये धरा, नाटक बघायला हे सगळ्यांत सोयीचं.

उंचीसाठी वरच्या जाड नळ्या आधी ओढायच्या, सर्वांत खालची बारीक नळी शेवटी आणि शक्यतो ओढायचीच नाही. ती वाकते. बटण दाबायचं ते श्वास अर्धा सोडून, आणि एकाऐवजी ओळीने चार फोटो घ्यायचे. पहिला बोटाच्या धक्क्याने जातो, मधला बहुधा चांगला निघतो. लेन्समध्ये थरथर कमी करणारी यंत्रणा असेल तर ट्रायपॉडवर ती बंद करतात. मोनोपॉडवर चालू ठेवा, डुलणं तिच्यासाठी शिल्लक असतंच.

किती फरक पडतो? माझ्या हातून २०० च्या लेन्सला १/३०० लागायचा, काठीवर १/६० ला दहातले सात-आठ फोटो सरळ येतात. १/३० ला चार-पाच. दुसऱ्या कुणाचं कमी-जास्त येईल, पण हाताने १/३० ला माझा एकही येत नव्हता.

पण मला विचाराल तर आकड्यांपेक्षा मोठा फायदा वेगळाच आहे. वजन काठीवर गेलं की माणूस वाट बघू शकतो. पंडवानी ऐकलेल्यांना हे लगेच कळेल. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई, ज्यांनी आपल्या प्लँटमध्ये नोकरीही केली आणि ज्यांना २०१९ साली पद्मविभूषण मिळालं, त्यांचा कार्यक्रम मी पोरवयात पाहिला. हातातला तंबुरा आत्ता भीमाची गदा, आत्ता अर्जुनाचं धनुष्य. त्या धावतात, गरजतात, आणि मधेच एकदम थबकतात. ते थबकणं क्षणभराचं. फोटो त्या क्षणात आहे, आणि तो कधी येणार ते सांगून येत नाही. डोळ्याला कॅमेरा लावून दहा मिनिटं उभं राहणारालाच तो मिळतो. हातावर दहा मिनिटं निघत नाहीत, काठीवर अर्धा तास निघतो.

उलट पंथीचं. १८ डिसेंबरला गुरू घासीदास जयंतीला जैतखांबाभोवती पंथी नाचतात, मांदर आणि झांजेवर. सुरुवात संथ, मग लय चढत जाते ती थांबतच नाही. तिथे काठी घट्ट रोवून उपयोग नाही. टाच जमिनीवर ठेवून काठी खुंट्यासारखी फिरू द्यायची आणि नाचणाऱ्याबरोबर कंबरेतून वळायचं. १/३० ला चेहरा सापडतो आणि मागची गर्दी रेघोट्या होऊन जाते. दहातले आठ फुकट जातात. उरलेले दोन मी घरी लावले आहेत.

काठीने काय होत नाही तेही सांगायला हवं, नाहीतर उद्या माझ्याकडे तक्रार येईल. काठी तुमचा हात थांबवते, समोरच्याचा नाही. लेझीम खेळणाऱ्याचा हात १/३० ला पुसट येणारच. मला तो पुसटच आवडतो, चेहरा सरळ हवा. आणि दोन-चार सेकंदांचा फोटो, दिव्यांच्या माळा, रात्रीचा प्लँट, हे काम ट्रायपॉडचंच. तिथे काठी घेऊन जाऊ नका.

विकत घ्यायची तर लॉक तपासून घ्या. माझी पहिली काठी स्वस्त होती, कुठल्या दुकानातली ते सोडा. तिसऱ्या महिन्यात लॉक सुटलं, नळी सर्रकन आत गेली आणि कॅमेरा जमिनीच्या दिशेने निघाला. गळ्यात पट्टा होता म्हणून वाचला. तेव्हापासून पट्टा काढत नाही आणि दुकानातच काठीवर दोन्ही हातांनी जोर देऊन बघतो. दुकानदाराला आवडत नाही. पण चालताना आधाराला ही काठी वापरू नका, माणसाच्या वजनासाठी ती केलेली नसते.

पैसे घालायचे नसतील तर हा दुसरा प्रकार. हा एक बोल्ट आणि ही सुतळी. कॅमेऱ्याच्या बुडाला जो आटा असतो तो जगभर एकच, पाव इंची, इंचाला वीस आटे. म्हणजे आपल्या मिस्त्रीच्या भाषेत दोन सुताचा बोल्ट. पॉवर हाऊसच्या हार्डवेअरच्या दुकानात नुसता "सहाचा बोल्ट" मागाल तर मिलिमीटरचा देतील. तो दिसायला सारखा, पण आटे वेगळे, जबरदस्ती केलीत तर कॅमेऱ्याचा आटा मरेल. इंची मागा. आत साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ देऊ नका, म्हणून मी इथे नट आणि वायसर अडकवला आहे. सुतळीचं एक टोक बोल्टला, दुसरं बुटाखाली, आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणायची. ताण असला की वर-खाली हलणं थांबतं. काठीच्या निम्मं तरी काम होतं आणि खिशात मावतं. मोबाईलवाल्यांनी चिमट्यासारखा होल्डर घ्यावा, त्याच्या खालीही हाच आटा असतो. मोबाईल रात्रीचा फोटो काढताना एकामागून एक अनेक फोटो घेऊन जोडतो, "हलू नका" असं लिहून येतं ते त्यासाठीच. तेव्हा ही सुतळी फार उपयोगी.

आता एक गोष्ट गंभीरपणे. हल्ली काठीला कॅमेरा लावून डोक्यावर उंच धरायची आणि टायमरने गर्दीचा फोटो काढायची पद्धत निघाली आहे. मैदानात खुशाल करा. रेल्वेच्या पुलावर, फलाटावर किंवा रुळांजवळ कधीही करू नका. वरची तार २५ हजार व्होल्टची आहे. तिला हात लावावा लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी ती झेप घेते. आमच्या माणसांनाही चालू तारेच्या दोन मीटरच्या आत जायला बंदी आहे. माणूस, वर केलेला हात आणि ॲल्युमिनियमची काठी यांची उंची मिळवा, म्हणजे कळेल. मिरवणुकीत ट्रकवर उभे राहणाऱ्यांनीही रस्त्यावरच्या तारा आधी बघाव्यात. पोरांनो, हे एक वाक्य लक्षात ठेवलंत आणि बाकी सगळं विसरलात तरी माझी हरकत नाही.

शेवटचं. समोर दुसऱ्या रांगेत आपले एक आजोबा बसले आहेत. मंडळाच्या जुन्या अल्बममधले काळे-पांढरे फोटो त्यांचे. हात कापायला लागल्यापासून त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी मी काठी त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "अरे, हाताचा कंप जाणार आहे का याने?" कंप गेला नाही. पण खुर्चीवर बसून, काठी पायांत धरून, शटर जरा वेगवान ठेवून त्यांनी त्या संध्याकाळी बावीस फोटो काढले. त्यातले सहा सरळ होते. गेल्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आरतीचं तबक धरलेल्या आजींचा फोटो आहे तो त्यांचा. छपाईत नाव राहून गेलं, ते आज सांगतो.

आरतीला अजून वीस मिनिटं आहेत. या पिशवीत पंधरा बोल्ट आहेत, सुतळी कापून ठेवली आहे, आणि काठ्या दोन. ढोलकीला आता काकांचा नातू बसतो, आजही बसणार आहे. ज्यांना हवं त्यांनी इकडे यावं, आणि मधली रांग आजोबांच्या खुर्चीसाठी मोकळी ठेवावी.

गणपती बाप्पा मोरया!